दहा अक्षरं

पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत आल्या आणि थांबल्या. प्रत्येक ओळीची सुरुवात सारखीच होती: आर्टिफॅक्ट हबचा पत्ता, मग 'पॅकेजेस', मग 'हेल्म', मधेमधे तिरक्या रेघा. "मोजा की सर," ती म्हणाली. नुसत्या नजरेनं जमेना, म्हणून बोट धरून मोजलं. रोमन लिपीतली ३७ अक्षरं आणि चिन्हं सगळ्या ओळींत तीच. रकाना ५० चा. पत्ता त्याहून लांब झाला की शेवटच्या तीन जागा टिंबं घेतात. उरतात दहा. वस्तू कुणी तयार केली आणि तिचं नाव काय, हे दोन्ही त्या दहांत बसायला हवं. बहुतेकदा बसत नाही.

"दहा अक्षरांत माणूस ओळखायचा," ती म्हणाली. "पगार त्याचाच हाय."

ही मुलगी मला पहिल्यांदा दिसली ती सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये. पहाटेच्या गाडीत निम्मा डबा झोपलेला असतो, उरलेला निम्मा मोबाइलमध्ये. ही मांडीवर लॅपटॉप उघडून काळ्या पडद्यात एखादी ओळ टाइप करी, आलेलं वाचे आणि स्वतःशीच म्हणे, "नको." पुन्हा ओळ, पुन्हा नको. कुर्डुवाडी गेल्यावर मला राहवेना. काय करतेस, म्हणून विचारलं. "शोधतेय," म्हणाली. सापडत नाही का? "सापडतंय लै. म्हणून तर नको म्हणावं लागतंय." या उत्तरासाठी मी पुढं तिच्या घरी जाऊन बसलो. नाव छापणार नाही या अटीवर. तिच्या कंपनीचं आणि कंपनीच्या ग्राहकाचंही नाही.

घर सोलापूरजवळ कुंभारीला, गोदूताई परुळेकरांचं नाव असलेल्या विडी कामगार स्त्रियांच्या वसाहतीत. सुमारे दहा हजार घरं, एका साच्यातली. बाहेरच्या खोलीत आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, आतल्या खोलीत मुलगी कुबरनेटीस चालवते, आणि दोन्हींच्या मधे दार नाही, पडदा आहे. भिजवलेल्या पानांचा दमट वास आणि तंबाखूची भुकटी दोन्ही खोल्यांची सारखीच. मला पहिल्या पाच मिनिटांत शिंका आल्या. मुलगी म्हणाली, मीटिंगमध्ये ती माइक बंद ठेवते तो याच कारणानं. लोकांना वाटतं, फार कमी बोलते. घरात तेलुगू, दारात मराठी, मीटिंगमध्ये इंग्रजी.

शहरात दर निवडणुकीला आयटी पार्कची मागणी होते. २०२३ मध्ये विमानतळाच्या वाटेतली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हा आता कंपन्या येणार असं पुन्हा एकदा बोलून झालं. ही मुलगी महिन्याचे थोडे दिवस पुण्याला जाते आणि उरलेले दिवस इथं, आईच्या पडद्याआड, काम करते. तिच्यापुरतं ते पार्क आलेलं आहे. (सोलापूर आणि संगणक एका वाक्यात आले की कुणीतरी चादरीच्या जॅकार्डची पंचकार्डं काढतोच. मी काढणार नाही.)

ती शोधत काय होती, ते आधी सांगायला हवं. आज कुठलीही मोठी सेवा, बँकेचं ॲप म्हणा, तिकिटाचं म्हणा, एकाच प्रोग्रामवर चालत नाही. माहिती साठवणारा एक, रांगा सांभाळणारा एक, दारावर येणारी मागणी योग्य ठिकाणी पाठवणारा एक, असे कित्येक प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंदिस्त डब्यांत, चालतात. ते कुठल्या यंत्रावर चालवायचे, एक मेला तर दुसरा कधी उभा करायचा, गर्दी वाढली तर किती वाढवायचे, हे पाहणारी व्यवस्था म्हणजे कुबरनेटीस. गूगलनं ती २०१४ मध्ये खुली केली, पहिली पक्की आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. तिला प्रत्येक गोष्ट लिहून सांगावी लागते, आणि ते लिहिणं इतकं लांबलचक आणि कटकटीचं होतं की वर्षाच्या आतच लोकांनी तयार पॅकेजं बनवायला घेतली. डेइस नावाच्या अमेरिकी कंपनीतल्या काही जणांनी त्यासाठी हेल्म हे साधन लिहिलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या पहिल्या कुबकॉनमध्ये दाखवलं. हेल्मच्या पॅकेजला चार्ट म्हणतात. चार्ट शोधायचा, वाचायचा, आपल्या गरजेचे आकडे भरायचे, बसवायचा. यातलं बसवणं एका ओळीत होतं. वाचणं कंटाळवाणं असतं, पण सरळ असतं.

शोधणं मात्र वेगळं. तिनं कोऱ्या आभासी यंत्रावर हेल्म टाकलं आणि मला म्हणाली, आता तुम्हीच टाइप करा. 'हेल्म सर्च रेपो पोस्टग्रेस्क्यूएल.' मी केलं. उत्तर आलं की एकही रेपॉझिटरी, म्हणजे चार्टांचा साठा, नोंदवलेली नाही. म्हणजे जगात शेकडो ठिकाणी पोस्टग्रेस या डेटाबेसचे चार्ट आहेत आणि या यंत्राला एकही ठाऊक नाही. पूर्वी असं नव्हतं. हेल्मच्या दुसऱ्या पिढीत 'स्टेबल' नावाचा एक सामाईक साठा आपोआप जोडलेला असे. शोधलं की त्यात जे असेल ते निघे. १३ नोव्हेंबर २०१९ ला तिसरी पिढी आली ती कुठलाही साठा न जोडता आली, आणि बरोबर एक वर्षानं, १३ नोव्हेंबर २०२० ला, 'स्टेबल'ची देखभालही बंद झाली. शेकडो चार्ट मूठभर स्वयंसेवकांनी तपासत बसायचं, हे चालण्यासारखं नव्हतंच. म्हणून ज्यानं त्यानं आपापला साठा ठेवावा असं ठरलं. निर्णय योग्य होता, पण त्या दिवसापासून कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न साठा सांभाळणाऱ्यांकडून उठून या मुलीच्या खोलीत येऊन बसला.

आता शोधायचे दोन मार्ग उरतात. 'सर्च रेपो' फक्त तुम्ही स्वतः जोडलेल्या साठ्यांत पाहतो. तेही इंटरनेटवर जाऊन नाही, तर प्रत्येक साठ्याची जी यादी तुमच्या यंत्रावर उतरवलेली असते तिच्यात. तुम्ही यादी तीन महिन्यांपूर्वी उतरवली असेल तर तीन महिन्यांपूर्वीचं जग दिसतं आणि ते जुनं आहे असं कुणी सांगत नाही. यादी ताजी करायला वेगळी आज्ञा आहे. ती पूर्ण झाली की पडद्यावर 'हॅपी हेल्मिंग' अशी शुभेच्छा उमटते. ती मुलगी त्याकडे बघतसुद्धा नाही. दुसरा मार्ग 'सर्च हब'. तो आर्टिफॅक्ट हब या सार्वजनिक सूचीत शोधतो आणि तिथं कुणालाही आपला साठा नोंदवता येतो. कुणालाही म्हणजे खरंच कुणालाही: मोठ्या कंपनीला, बंद पडलेल्या कंपनीला, एखाद्या विद्यार्थ्यानं शनिवारी केलेल्या प्रयोगाला. तिथल्या वेब पानावर 'पडताळलेला प्रकाशक', 'अधिकृत' अशा खुणा असतात. कमांड लाइनच्या तक्त्यात त्या येत नाहीत. तिथं पत्ता, चार्टची आवृत्ती, आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि वर्णन, एवढेच चार रकाने. पत्त्याचा रकाना ५० चा. कामाची दहा अक्षरं.

त्या दहा अक्षरांचा खेळ तिनं मला प्रोमिथियसवर दाखवला. सर्व्हरांवर नजर ठेवणारं हे फार वापरातलं साधन. त्याचे चार्ट सांभाळणाऱ्या मंडळाचं नाव 'प्रोमिथियस-कम्युनिटी'. रोमन लिपीत प्रोमिथियस हा शब्द बरोबर दहा अक्षरांचा आहे. म्हणजे रकान्यात 'प्रोमिथियस' एवढंच दिसतं आणि पुढं टिंबं. ज्या कुणाच्या साठ्याचं नाव प्रोमिथियसनं सुरू होतं, त्या सगळ्यांची ओळ तिथं सारखीच दिसणार. 'कम्युनिटी' हा ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो भाग नेमका कापला जातो. रकाना रुंद करायची सोय आहे, एक पर्याय जोडला की झालं, आणि ती अर्थातच तो जोडते. पण आधी मला अरुंदच दाखवला. "नवी पोरं हेच बघून उचलतात," म्हणाली.

याहून वाईट गोष्ट इंग्रेसची. बाहेरून येणारी मागणी आत नेणाऱ्या कंट्रोलरचे दोन वेगळे प्रकल्प आहेत. एकाचं नाव इंग्रेस-एन्जिनएक्स, दुसऱ्याचं एन्जिनएक्स-इंग्रेस. पहिला कुबरनेटीसच्या स्वयंसेवकांचा, दुसरा एफफाइव्ह या कंपनीचा. आज्ञा वेगळ्या, आकडे भरायच्या जागा वेगळ्या. भरीला भर म्हणून, जुन्या 'स्टेबल' साठ्यात जो एन्जिनएक्स-इंग्रेस नावाचा चार्ट होता तो पहिल्या प्रकल्पाचा होता, नाव मात्र दुसऱ्याचं. जुन्या टिपणातून नाव उचलून शोधणारा माणूस हमखास चुकीच्या दारात जातो. आणि जो बरोबर दारात पोचला त्यालाही नोव्हेंबर २०२५ मध्ये कळलं की स्वयंसेवकांचा हा प्रकल्प मार्च २०२६ नंतर सांभाळला जाणार नाही. जगभरच्या क्लस्टरांच्या, म्हणजे कुबरनेटीसच्या यंत्रसमूहांच्या, दारावर उभा असलेला हा प्रोग्राम कित्येक वर्षं एकदोघं जण नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालवत होते. मला हे ऐकून धक्का बसला. तिला नाही.

मला एवढं कळलं की या कामात शोध हा शब्द फसवा आहे. शब्दाचा तुकडा दिला तरी हेल्म जुळवून देतं. नावात नसला तर वर्णनात, शोधशब्दांत पाहतं. सापडण्याची अडचण कुठंच नाही. अडचण पुढची. ती प्रत्येक ओळ उघडते आणि साधारण तेच प्रश्न विचारते: शेवटचा बदल कधी झाला, किती जण सांभाळतात, आतल्या इमेज (कंटेनर ज्यांवरून उभे राहतात त्या तयार प्रती) कुठून येतात, परवाना कुठला, ठरावीक पासवर्ड लिहून ठेवलाय का, गरजेपेक्षा जास्त अधिकार मागतो का. मग बसवण्याआधी चार्टमधून तयार होणारा सगळा मजकूर पडद्यावर काढून वाचते. आवृत्त्यांचे दोन रकाने तर नवख्याला हटकून गोत्यात आणतात. बिटनामीच्या पोस्टग्रेस चार्टची सोळावी आवृत्ती घ्या, आत पोस्टग्रेस सतरा निघतं. सोळा हवं होतं म्हणून सोळा उचलणारा आपल्या डेटाबेसवर नकळत पुढची आवृत्ती चढवतो, आणि पोस्टग्रेसच्या मोठ्या आवृत्तीचा डेटा नुसता प्रोग्राम बदलून उघडत नाही.

बिटनामीचं नाव आलं की तिची टाइप करणारी बोटं थांबतात. सध्याचं तिचं सगळं काम त्या एका नावाभोवती आहे.

कित्येक वर्षं दहा अक्षरांच्या परीक्षेला एकच सोपं उत्तर होतं. बिटनामी या शब्दाची सात अक्षरं, एक तिरकी रेघ, दोन अक्षरं वस्तूच्या नावाची. एवढं दिसलं की डोळे मिटून घ्यायचं. पोस्टग्रेस, रेडिस, काफ्का, रॅबिटएमक्यू, वर्डप्रेस, जे म्हणाल ते तिथं होतं, नीट बांधलेलं, वेळेवर ताजं होणारं आणि फुकट. स्पेनमधून सुरू झालेली ही कंपनी २०१९ मध्ये व्हीएमवेअरनं घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमनं घेतली. धोक्याची एक लहान खूण त्याआधीही येऊन गेली होती: २०२२ मध्ये बिटनामीच्या साठ्याची यादी इतकी फुगली की ती उतरवणंच जड झालं, तेव्हा सहा महिन्यांहून जुन्या आवृत्त्या यादीतून काढल्या गेल्या. चार्ट होते, पण शोधात येईनात. आज चालणारी आज्ञा उद्या 'सापडलं नाही' म्हणू लागली. त्या वेळी जुनी पूर्ण यादी दुसरीकडे ठेवून मार्ग काढला गेला आणि लोक विसरले.

२०२५ च्या जुलैत मोठी घोषणा झाली. बिटनामीचा सार्वजनिक साठा बंद होणार, जुन्या इमेज 'लेगसी' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाणार आणि तिथं त्यांना पुढं एकही दुरुस्ती मिळणार नाही. नीट, आवृत्तीवार, सुरक्षित माल हवा असेल तर पैसे भरून. आधीची तारीख २८ ऑगस्टची होती, आरडाओरडा झाल्यावर २९ सप्टेंबर झाली. मधल्या काळात लोकांनी जागं व्हावं म्हणून काही इमेज ठरवून थोडा वेळ बंदही ठेवल्या गेल्या. चार्टचा मूळ मजकूर खुलाच राहिला, पण चार्ट ज्या इमेज मागवतो त्या जागच्या जागी राहिल्या नाहीत.

म्हणजे शोधाच्या दृष्टीनं काय झालं, ते तिनं दाखवलं. बिटनामीचा साठा जोडून 'सर्च रेपो' केलं. बिटनामीची ओळ आली, पूर्वीसारखीच, नाव, आवृत्ती, वर्णन, सगळं जागेवर. "दिसतंय का? आता हे बसवून बघा." बसवलं. हेल्मनं बसलं म्हणून सांगितलं. कुबरनेटीसला विचारलं तर त्याचं उत्तर वेगळं: इमेजपुलबॅकऑफ. इमेज आणायला गेलो, मिळाली नाही, थोड्या वेळानं परत प्रयत्न करतो. आणि तो करत राहतो. हेल्मच्या लेखी काम झालेलं, कुबरनेटीसच्या लेखी व्हायचं आहे. यादीत नाव असणं आणि माल असणं यांत कधी अंतर पडेल याचा विचार बहुतेकांनी केलाच नव्हता.

माझं मत मी लपवत नाही. कंपनीनं आपल्या मालाला किंमत लावली यात बेकायदा काही नाही. इतकी वर्षं कुणीतरी पगार देऊन ते काम करून घेत होतं. पण फुकट देऊन सवय लावायची, त्या सवयीवर दुसऱ्यांच्या सेवा उभ्या राहू द्यायच्या, आणि मालक बदलल्यावर दोन महिन्यांची नोटीस द्यायची, याला धंदा म्हणतात हे मान्य करूनही मला ते गोड लागत नाही. दोष फक्त त्यांचाही नाही. ज्या बँका, ज्या विमा कंपन्या त्या सात अक्षरांवर विसंबल्या, त्यांतल्या किती जणांनी त्या कामासाठी कधी पै मोजली होती?

बाहेर सुपात विड्या पडत होत्या. आईचा हात थांबत नाही, बोलतानाही नाही. पान कापायचं, तंबाखू घालायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. हिशेब हजाराचा असतो. भरलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं तपासणारा बसलेला असतो, तो चाळतो आणि पसंत न पडलेल्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. पान कारखान्याचंच, तंबाखू त्यांचाच, पान भोकाचं निघालं तरी छाट बाईच्या हिशेबातून जाते. मी आईला विचारलं, पोरगी आत काय करते माहीत आहे का? "छाट काढते," त्या म्हणाल्या. मुलीनंच कधीतरी तसं समजावलं असणार, कारण आतून हसण्याचा आवाज आला.

मला ते पटलं आणि टोचलंही. छाट तीच, फक्त पडद्याच्या अलीकडे ती काढणाऱ्याला पगार मिळतो आणि पलीकडे ती सोसणाऱ्याचा पैसा कापला जातो. मुलगी म्हणाली, "आमच्यात कुणाचं काही जात नाही, सर. चार्ट करणाराला कुठं कळतंय, मी नको म्हणलं ते." हेही खरं. एखाद्याचा चार्ट तिनं नाकारला याची नोंद जगात कुठंच होत नाही.

तिच्याकडे मात्र होते. लांबट, लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही आहे. डाव्या पानावर चार्टचं नाव आणि पूर्ण पत्ता, दहा अक्षरांत नव्हे, अख्खा. उजव्या पानावर का नको. 'दीड वर्ष हात लागला नाही.' 'एकच माणूस.' 'इमेजला लेटेस्ट लावलंय.' 'सगळ्या क्लस्टरचा अधिकार मागतो.' 'वर्णन एक, आत भलतंच.' एका ठिकाणी नुसतं 'मन लागत नाही.' ही वही संगणकावर का नाही, असं विचारलं तर म्हणाली, संगणकावर ठेवली की टीममधल्या बाकीच्यांना देखभाल करावी लागेल, मग ते विचारतील 'मन लागत नाही'चं मोजमाप काय. मी 'मन लागत नाही' लिहिलेल्या चार्टचा पत्ता मागितला. दिला नाही.

पाचदहा पानं उलटल्यावर रेडिस सापडतं. तिथं उजवं पान भरून वाहिलंय. रेडिस म्हणजे क्षणात हवी असणारी माहिती तात्पुरती हाताशी ठेवणारा साठा. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या कंपनीनं परवाना बदलला, आणि त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या खुल्या परवान्याच्या प्रतीवरून व्हॅल्की हा प्रकल्प उभा राहिला. मे २०२५ मध्ये रेडिसची आठवी आवृत्ती पुन्हा एका खुल्या परवान्यासह आली. आता 'सर्च हब रेडिस' म्हणून शोधलं तर जे येतं त्यातलं काही जुन्या परवान्याचं, काही मधल्या, काही नव्या. आणि ग्राहकाला जे खरंच हवंय ते कदाचित त्या शब्दानं येणारच नाही, कारण त्याचं नाव आता व्हॅल्की आहे. ग्राहकाच्या वकिलाला हे समजावण्यात तिचा एक अख्खा दिवस गेला. शोधशब्द काय असावा हे ठरवायला वकील लागतो, ही गोष्ट मी गाडीत तरी कल्पिली नसती.

आणि आता शोधणंच कमी होत चाललंय. चार्ट वेगळ्या साठ्यात ठेवण्याऐवजी कंटेनरच्या इमेज जिथं असतात त्याच रजिस्ट्रीत ठेवायची पद्धत रूढ होतेय. २०२२ च्या सुरुवातीला, तिसऱ्या पिढीच्या आठव्या आवृत्तीत, हेल्मनं ती पक्की केली. त्यात यादी उतरवायची भानगड नाही, जड यादी नाही. पण यादी नाही म्हणून 'सर्च रेपो'ही तिथं चालत नाही. पूर्ण पत्ता आधीच माहीत असेल तर मिळेल, नसेल तर नाही. ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं, वहीत लिहून ठेवायचं. मला वाटलं, तिला बरं वाटेल, छाट काढायचं काम हलकं झालं. ती नाराज होती. "पूर्वी वाईट तरी दिसायचं, सर. आता ज्यानं पत्ता सांगितला त्याचंच दिसणार." मग त्या सांगणाऱ्याला पारखायचं, एवढाच फरक.

चार वाजले. आईनं विड्यांचे कट्टे बांधून पिशवीत भरले, पदर डोक्यावर घेतला, मला जेवून जा म्हणाल्या आणि कारखान्याला निघाल्या. मुलगी वहीत नवं पान आखत होती. पोस्टग्रेसचं ठरलं होतं: चार्टमधून थेट डेटाबेस उभा करण्याऐवजी क्लाउडनेटिव्हपीजी हा ऑपरेटर, म्हणजे डेटाबेसची देखभाल स्वतःच करणारा प्रोग्राम. चार्ट आणि इमेज दोन्ही कंपनीच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत उतरवून ठेवायचे, म्हणजे उद्या बाहेर काही झालं तरी आत माल राहील. जागा लागते, दर महिन्याला दुरुस्त्या स्वतः आणाव्या लागतात, आणि त्या कामाला माणूस मिळालेला नाही. "माणूस म्हणजे मीच हाय की," ती म्हणाली.

राहिलं होतं रांगा सांभाळणारं रॅबिटएमक्यू. बिटनामीचा चार्ट सोडायचा तर पर्याय म्हणून समोर येतो तो रॅबिटएमक्यूच्याच लोकांचा ऑपरेटर: खुल्या परवान्याचा, नीट सांभाळलेला, तिच्या सगळ्या प्रश्नांत पास होणारा. फक्त रॅबिटएमक्यूसुद्धा आता ब्रॉडकॉमचंच आहे. उजव्या पानावर काय लिहावं ते तिला सुचत नव्हतं; सोमवारच्या मीटिंगमध्ये ग्राहक विचारणार होता, आणि तोवर तिनं दुसरी दहा अक्षरं शोधायला घेतली होती.